पहिल्या नसेचीही चौकशी करा

आजपासून डॉक्टर व थेरपिस्ट म्हणवून घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

अभिनंदन तर आहेच. पण मला बोलावलंच आहे, तर एक तक्रारही करून घेतो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आपण घोकून पाठ करतो आणि केसपेपरवर लिहितो, ‘दोन ते बारा नॉर्मल’. पहिली जोडी वासाची. ती बहुतेक वेळा कुणी तपासलेलीच नसते.

ही खोड जुनी आहे. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये कंपवातावर निबंध लिहिला, अवघ्या सहा रुग्णांवर. त्यातले काही तर त्याने रस्त्यातच पाहिले होते. थरथर, पुढे झुकलेलं अंग, धावरी चाल, सगळं त्याच्या नजरेनं टिपलं; नाक मात्र सुटलं. पुढची दीडशे वर्षं ते सुटलेलंच राहिलं. आज आपल्याला माहीत आहे की कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांची वासाची जाणीव मंदावते, आणि पुष्कळदा हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी. हायको ब्राक या जर्मन संशोधकाने २००३ मध्ये मांडलं की आजाराच्या पहिल्या खुणा मेंदूतल्या वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठात दिसतात. हालचाल सांभाळणाऱ्या पेशींची पाळी नंतर येते. प्रत्येक रुग्ण हा क्रम पाळत नाही, हेही खरं. पण आजोबा ‘आमटीत हिंग घातलाच नाही’ म्हणून कुरकुरतात आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, तेव्हा विचारणारं कुणीतरी हवं.

फिजिओथेरपीवाल्यांनो, आता तुमच्यासाठी. हुंगणं हे स्नायूंचं काम आहे. नोम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की कंपवातात हुंगण्याचा झटकाच दुबळा होतो. जोरात हुंगायला सांगितलं की ओळखण्यात थोडी सुधारणा होते. जो आजार पाऊल आखूड करतो, अक्षर बारीक करतो, तोच हुंगणंही आखडतो. सोबेल यांच्याच गटाने २०१५ मध्ये स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. घाण वास आला की आपण नकळत श्वास आवरतो; त्या मुलांचा श्वास सुगंधाला आणि दुर्गंधाला जवळजवळ सारखाच चालू राहिला. अभ्यास लहान होता, त्यावरून निदानाची घाई नको.

कॉलमन सिंड्रोम तर वाचतानाच थक्क करतो. गर्भात काही पेशी नाकाच्या जागेपासून वासाच्या तंतूंचा माग धरत मेंदूत पोचतात आणि पुढे वयात येण्याची सूत्रं हलवतात. त्या वाटेतच अडकल्या, तर मुलाला वास येत नाही आणि मिसरूडही फुटत नाही. याच्या एका आनुवंशिक प्रकारात उजव्या हाताचा अंगठा बोटावर टेकवायला सांगा, डावा हातही आपोआप तेच करू लागतो. सतरा वर्षांचा मुलगा ‘दाढी येत नाही’ म्हणून आला, तर त्याला वासाचं विचारा आणि त्याच्या दोन्ही हातांकडे बघा.

वास येतो की नाही, हे तपासायचं कसं? अमेरिकेतल्या प्रसिद्ध चाचणीत चाळीस वास आहेत. त्यात रूट बिअर आहे, जिंजरब्रेड आहे. लातूरच्या आजींना ते ओळखता आले नाहीत, तर दोष त्यांच्या नाकाचा नव्हे. कॉफी, वेलदोडा, संत्र्याची साल घ्या. डोळे मिटायला लावा, एकेका नाकपुडीने हुंगू द्या. कापूर, अमोनिया आणि मिरचीचा खाट टाळा. तो ठसका पाचव्या नसेचा असतो. वास पार गेलेला माणूसही खोकतो आणि तुम्ही फसता.

आणि घाबरवू नका. वास जाण्याची कारणं सर्दी, सायनस, कोविड, डोक्याला मार, वय अशी असंख्य आहेत. वास गेलेल्या बहुतेकांना कंपवात होत नाही. मात्र कारण काहीही असो, घरात गॅसगळतीचा अलार्म बसवायला सांगा. सिलिंडरमधल्या वायूत गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, आणि या माणसांना नेमका तोच येत नाही.