हजेरी



"प्रकृती कशी आहे?" या प्रश्नाला मी गेली 14 वर्षे "बरी आहे" असेच उत्तर देत आलो आहे. ते पुरते खरे नाही, पुरते खोटेही नाही. मला नैराश्याचा विकार आहे. औषधाने तो आटोक्यात राहतो, जात नाही.

गोव्यातील 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अशा रुग्णांसाठी साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. त्यांनी रुग्णांना सुटलेली लहानसहान कामे पुन्हा हाती घ्यायला लावली. 2017 साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी शंभरांतील 64 जणांची लक्षणे ओसरली होती. केवळ केंद्रातील उपचार मिळालेल्यांत 39 जणांची. मोठेच यश! मी मात्र उरलेल्या छत्तिसांच्या जातकुळीतला.

'पूर्ण गुण नाही, मग गोळ्या कशाला?' म्हणून एकदा मी त्या आपल्याच मनाने सोडल्या. पाचव्या आठवड्यात हजेरी घेताना एकविसाव्या नावापाशी अडलो. पुढचे नाव उच्चारवेना. मुले निमूट बसून राहिली.

निराशा हे पाप, असे लहानपणी धर्मशिक्षणात ऐकलेले. तेच कुमसारात बोललो. धर्मगुरूंनी विचारले, "गोळ्या घेतोस ना? आधी डॉक्टरांकडे जा. क्षमा कुठे पळून जात नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सकाळ अजूनही जड जाते. न्हाणीघरापर्यंत पोहोचणे हीच एक मजल. दुपारी व्याकरण शिकवताना क्वचित हसूही येते. पत्नी हल्ली "बरे वाटते का?" असे विचारीत नाही. "आज हजेरी कुठवर गेली?" एवढेच विचारते.

काल 42 नावे झाली. सगळा वर्ग.