पेटीतील पुतळीमाळ

तुळशीचे लग्न पार पडले की जालन्याच्या सराफ्यात पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी येथून वधूवरांकडील मंडळी उतरतात आणि दुकानांच्या गाद्या दिवेलागणीपर्यंत रिकाम्या होत नाहीत. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या गावाला लाभली ती येथील व्यापाराच्या भरभराटीमुळे; परंतु लग्नसराईत कोणी तिचा शब्दशः अर्थ घेतला तरी फारसे बिघडत नाही.

याच दिवसांत पुष्कळ सुशिक्षित घरांत एक वाद उभा राहतो. आजीच्या पेटीत पुतळीमाळ असते, ठुशी असते, झिजलेल्या पाटल्यांचा जोड असतो. नातीला मात्र मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेला, कोणा चित्रतारकेने आपल्या लग्नात घातलेला हार हवा असतो. आई मधला मार्ग सुचविते, ‘जुने मोडून नवे करू.’ आजी काही बोलत नाही. पेटी तेवढी आपल्याकडे ओढून घेते.

या वादात चाल ही नव्या पिढीची आणि स्वतःचे असे काही जपणे हे जुन्या पिढीचे, असा समज असतो. तो खरा नाही. चालीचे दागिने घालण्याची आवड या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वीही होती. भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. तेथे 1973 साली उत्खनन झाले, त्यात अलंकृत स्त्रीची एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण जुळणारी वीतभर उंचीची दुसरी मूर्ती त्याआधीच, 1938 साली, इटलीतील पाँपेई येथे हाती लागली होती. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या त्या शहरात ती भारतातून गेलेली होती, आणि ती भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असावी असे काही अभ्यासक मानतात. या मूर्तीच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण हातभर बांगड्या आहेत, पायांत तोड्यांचे थर आहेत, कमरेला मेखला आणि गळ्यात हार आहे. सांचीच्या शिल्पांतील यक्षिणींच्या अंगावरही अलंकारांचा साज बराचसा असाच दिसतो. मग ‘शेजारणीसारखेच मला हवे’ हा हट्ट आजच्या मुलींचाच, असे कसे म्हणावे?

आजीची पुतळीमाळ तरी कोठे एकटीची आहे? तशी माळ महाराष्ट्रातल्या असंख्य पेट्यांत सापडेल. एवढेच नव्हे, तर तिचा मूळ नमुना परदेशी आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1284 पासून पाडलेले डुकाट हे सोन्याचे नाणे व्यापाराबरोबर इकडे आले. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या त्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती यांच्या आकृती असत. मराठी बायकांना संताशी किंवा अधिपतीशी कर्तव्य नव्हते. त्यांना दिसल्या त्या पुतळ्या. तेच नाव रूढ झाले, आणि पुढे देशी सोनारांनी त्याच धर्तीच्या चकत्या पाडल्या.

तेव्हा माळ आपली होते ती नमुन्याने नव्हे. ती कशी जमत गेली, यात तिचे आपलेपण असते. कापूस बरा पिकला, बाजारात भाव लागला, की दोन पुतळ्या वाढवायच्या. पटवेकऱ्याकडे जाऊन दोरा बदलून घ्यायचा. जुन्या घडणीतला एक व्यावहारिक गुण येथे ध्यानात येतो, आणि कलेच्या चर्चेत तो नेहमी सुटतो: पुतळीमाळ, बोरमाळ, मोहनमाळ या वाढविता येतात आणि वाटूनही देता येतात. दोघी बहिणींत पन्नास पुतळ्यांच्या पंचवीस-पंचवीस करता येतात. आजचा एकसंध, खडे जडविलेला हार दोघींत कसा वाटावा?

जालन्यासारख्या जिल्ह्यात हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. 1972 चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे. 2012-13 सालचा तर तरुणांनीही सोसला. अशा वर्षी पेटी उघडते, आणि गहाण पडते ते सोने; खडे, मीना आणि कारागिरी यांना सावकाराच्या तराजूत वजन नसते. सुट्या पुतळ्यांतल्या चार देऊन भागते. एकसंध हार मात्र सबंधच द्यावा लागतो.

मोडीचा हिशोबही घरात क्वचितच नीट मांडला जातो. जुना दागिना आटविला की डाखाची व मळाची घट वजा होते. पूर्वी दिलेली घडणावळ बुडते आणि नव्याची पुन्हा द्यावी लागते, त्यावर कर. 1963 च्या सुवर्णनियंत्रणात चौदा कॅरटच्या वर दागिने घडविण्यास बंदी आली, तेव्हाचा अनुभव घेतलेली घरे जुने बावनकशी सोने मोडावयास सहजी तयार होत नसत, ते उगीच नव्हे. त्या नियमांनी सोनारांचे हाल केले ही गोष्ट वेगळी. तो कायदा 1990 साली गेला.

परंतु याचा अर्थ नातीने हौस मारावी असा मुळीच नाही. आजीची माळ जरीच्या लुगड्यावर शोभली. कचेरीत जाणाऱ्या मुलीला ती रोज घालता येणार नाही, आणि पेटीत झोपलेला दागिना आपला असून नसल्यासारखाच. चालीचा दागिना घ्यावयाचाच तर तो हलका घ्यावा आणि चाल बदलणार हे गृहीत धरून घ्यावा. खड्यांचे वजन पावतीवर वेगळे लिहून घ्यावे. ते सोन्याच्या भावाने मोजले जाते तेथेच पुष्कळांची फसगत होते. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. बावीस कॅरटला 916 हा आकडा आणि सहा अक्षरांकांची खूण दागिन्यावर भिंगातून पाहता येते. ती पाहण्यास संकोच कसला?

स्वतःसाठी वेगळे काही घडवावयाचे असेल तर छायाचित्र दाखवून ‘असेच करा’ म्हणण्यापेक्षा कारागिरासमोर बसावे. आजीच्या पाटलीवरची नक्षी नव्या कुड्यांत येईल का, हे त्याला विचारावे. बहुधा येते. मात्र वेगळेपणाचाही सोस नसावा. कोणाजवळ नाही म्हणून मुद्दाम घडविलेला विचित्र अलंकार दोन वर्षांत घालणारीलाच नकोसा होतो.

काही घरांनी वाद निराळ्या रीतीने मिटविला आहे. माळ मोडली नाही, तिचा दोरा बदलला. लांब माळेतल्या थोड्या पुतळ्या काढून त्यांची गळ्यालगत बसणारी आखूड माळ नातीसाठी ओवली. उरलेली माळ आजीच्या पेटीत परत गेली, आणि नव्या माळेचा गोंडा कोणत्या रंगाचा असावा यावर नात आणि आई यांचा पुन्हा वाद सुरू झाला.