नांवांची वही

गोंदियाच्या बाजारांत जुना अडत्या एक वही ठेवीत असे. कोणत्या गांवचा शेतकरी धान आणतो, त्याचा व्यवहार कसा, हें तींत लिहिलेलें असे. आणि ज्याचें नांव तींत होतें, त्याला तें ठाऊकही असे. आज तशीच वही दूरच्या यंत्रांत लिहिली जाते. फरक इतकाच कीं, ती कोण लिहितो हें आपणांस ठाऊक नसतें.

ही माहिती जमते कशी? व्यापाऱ्याची बरीचशी माहिती सरकारी दप्तरांतच उघड असते. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. नोंदलेल्या व्यापाऱ्याच्या बिलावर पंधरा अक्षरांकांचा क्रमांक असतो; महाराष्ट्रांत त्याचा आरंभ २७ नें होतो. तो संकेतस्थळावर घातला कीं दुकानाचें नांव, आणि नोंदणी चालू आहे कीं रद्द, हें कोणासही दिसतें. त्याला फलकावरील दूरध्वनिक्रमांक जोडला कीं नोंद पुरी झाली. सामान्य गिऱ्हाईक तर आपली नोंद स्वतःच पुरवितें: सोडतीची चिठ्ठी, दुकानांत सांगितलेला मोबाइल क्रमांक, न वाचतां दाबलेला ‘मान्य आहे’ हा शब्द.

परंतु माहिती जुनी होते. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां आमगांव, देवरी, सालेकसा, तिरोडा येथील पत्त्यांतील जिल्ह्याचें नांव एका दिवसांत बदललें. बंद झालेला मोबाइल क्रमांक निदान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास मिळूं शकतो. म्हणून याद्यांचा व्यापार करणारे एक यादी दुसरीशीं ताडून पाहतात, परत आलेलें टपाल पाहून पत्ते वगळतात, आणि दूरध्वनि करून विचारतात. ‘आपण अमुकच ना?’ हा अनोळखी प्रश्न कधीं कधीं त्या वहीची दुरुस्तीच असते. आपण ‘होय’ म्हटलें कीं नोंद ताजी झाली!

आणि जेथें दुरुस्ती होत नाहीं, तेथें घरचा कर्ता पुरुष वारल्यावरही त्याच्या नांवें कर्जाचीं आमंत्रणें येत राहतात. त्या घराला तें किती लागत असेल, याची वहीला काय कल्पना?

यावर उपाय आहेत. नको असलेले जाहिरातींचे दूरध्वनि थांबविण्यास १९०९ या क्रमांकावर नोंद करितां येते. २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्याचीं कलमें टप्प्याटप्प्यानें अंमलांत यावयाचीं आहेत. दिलेली संमति परत घेण्याचा, चुकीची नोंद सुधारून वा पुसून घेण्याचा हक्क त्यानें मान्य केला आहे. मात्र मनुष्यानें स्वतःच जगजाहीर केलेल्या माहितीला तो लागू नाहीं, हें विसरतां कामा नये.

तेव्हां पुढच्या वेळीं कोणी क्रमांक मागितला, तर ‘कशासाठीं?’ एवढें अवश्य विचारा. आपलें नांव कोणाच्या वहींत जावें, हें ठरविण्याचा पहिला अधिकार आपला आहे.