कुपन नको, हॅट घ्या! महायुद्धातल्या बायकांच्या डोक्यावरची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे बायकांची हॅट. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! ही हॅट दुसऱ्या महायुद्धातली आहे, आणि तिच्यात नटण्यामुरडण्यापेक्षा बरंच काही दडलंय.

आधी ब्रिटनला जाऊ. १ जून १९४१ ला तिथे कपड्यांवर रेशनिंग आलं. कापड गणवेशांना हवं, कारखान्यातले हात युद्धाच्या कामाला हवेत. माणशी वर्षाला ६६ कुपनं. बाईने लोकरीचा एक ड्रेस घेतला की ११ गेली, बूट ५, स्टॉकिंग्जची जोडी २. खिशात पैसे असले तरी कुपनाशिवाय दुकानदार हात जोडणार.

पण गंमत बघा, हॅटला कुपन लागतच नव्हतं! कोट जुना, ड्रेस जुना, पण डोक्यावर नवं काहीतरी घालता येत होतं. अर्थात किंमत होतीच, वर पर्चेस टॅक्स. मग जुन्याच हॅटला नवी रिबन लावा, एखादं पीस खोचा, की झाली नवी!

दुसरीकडे, डिसेंबर १९४१ मध्ये कायदा आला आणि २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींना युद्धकार्यासाठी बोलावणं सक्तीचं झालं. कितीतरी जणी कारखान्यात गेल्या. फिरत्या यंत्रात मोकळे केस अडकले तर डोक्याची कातडी सोलून निघते. हा धोका इतका खरा होता, की अमेरिकेत एका डोळ्यावर केस सोडणाऱ्या व्हेरोनिका लेक या नटीने १९४३ साली सरकारच्या विनंतीवरून केस वर बांधले. कारण कारखान्यातल्या मुली तिची नक्कल करत होत्या!

मग उपाय काय? स्कार्फ. त्रिकोणी घडी घालायची, मागून पुढे आणायचा, कपाळावर गाठ. त्याला म्हणायचे टर्बन. ना कात्री, ना शिलाई. आपल्या फेट्यासारखंच, सगळी करामत बांधण्यात. फेब्रुवारी १९४२ पासून साबणही रेशनवर गेला, तेव्हा न धुतलेले केसही त्यात झाकले जायचे. कामगार मुलीचं हे डोकं मग फॅशनवाल्या बायकांनीही उचललं.

आता पॅरिस. जून १९४० पासून तिथे जर्मनांचा ताबा. कापड नाही, कातडं नाही, वीज कधी असते कधी नाही. आणि हॅट? ती लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत गेली! वर्तमानपत्राचा कागद, लाकडाचा भुसा-छिलके, हाताला लागेल त्याची हॅट. अनेकजणी सांगायच्या, हा आमचा जर्मनांना टोला आहे. तुम्ही शहर घेतलंत, आमची ऐट नाही.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस सुटलं. तिथल्या हॅट बघून ब्रिटिश आणि अमेरिकन लोक चक्रावले. आम्ही इकडे काटकसर करतोय आणि यांच्या डोक्यावर हे डोंगर?

कोण बरोबर? मला वाटतं, हॅट कुणाच्या डोक्यावर आहे हे आधी बघायला हवं. काळ्या बाजारात गब्बर झालेल्याच्या बायकोची महागडी हॅट आणि टायपिस्ट मुलीने रद्दीतून केलेली हॅट लांबून सारखीच दिसेल. पण पहिलीत माज आहे, दुसरीत तग धरणं आहे. दोघींना एकच नाव देणं हा अन्याय आहे.

आणि एक. याच काळात हॅटची सक्तीही सैल झाली. १९४२ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रमुखांनी सांगून टाकलं, की बायकांनी हॅटशिवाय चर्चमध्ये यायला हरकत नाही. शेकडो वर्षांचा रिवाज टंचाईने हलवला!

आपल्याकडेही तेव्हा कापडाची टंचाई होती. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं. तेव्हा आज एक काम करा. घरात आजी-पणजी असेल तर विचारा, त्या दिवसांत लुगडं किती वर्षं पुरवलं, फाटल्यावर त्याचं काय केलं. उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं गेली की गोष्टही जाते.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!