मांडीचा मुका मार



मूल कडुनिंबावरून उडी मारते. आखाजीच्या झोक्यावरून पडते. बैलाची लाथ बसते. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही. पण मांडी सुजते आणि पोर लंगडू लागते. यालाच आपण मुका मार म्हणतो. मग घरातला उपाय ठरलेला. तेल गरम करा आणि मांडी रगडा! आज आम्ही त्याविषयीच चार शब्द सांगणार आहोत.

आधी मांडी कशी असते ते पाहू. मध्ये एक हाड असते. शरीरातले सर्वांत लांब हाड तेच. त्याभोवती स्नायू असतात. स्नायूंची टोके दोरासारखी हाडाला बांधलेली असतात. मार लागला की स्नायूचे धागे तुटतात. आत रक्त साचते. पण लहान मुलाचे हाड वाढीचे, कोवळे असते. जोराचा हिसका बसला तर कधी दोर तुटत नाही, खुंटाच उपटतो. म्हणजे स्नायू शाबूत राहतो आणि हाडाचा तुकडा सुटून येतो. बाहेरून मात्र सूज सारखीच दिसते.

मग डॉक्टरांना कळते कसे? ते आधी विचारपूस करतात. मांडी चाचपतात, पाय हलवून पाहतात. नंतर गरजेप्रमाणे आतले चित्र काढतात.

पहिले साधन एक्स-रे. 1895 साली जर्मनीत राँटजेन यांनी या किरणांचा शोध लावला. त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र काढले. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठीही दिसली. आजही हाडासाठी एक्स-रे चांगला. पण फाटलेला स्नायू त्यात दिसत नाही. म्हणून ‘फोटोत काही नाही’ म्हणजे ‘पायाला काही नाही’ असे समजू नका.

दुसरे साधन सोनोग्राफी. ती फक्त गरोदर बाईसाठीच असते, असे नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी ती चित्र दाखवते. तुटलेले धागे, साचलेले रक्त, पू हे तिच्यात दिसते. मुलाला काही दुखत नाही.

तिसरे एम.आर.आय. हे मोठे लोहचुंबक असते. त्यात स्नायू फार स्पष्ट दिसतो. पण मुलाला बराच वेळ न हलता पडून राहावे लागते. यंत्राचा आवाजही मोठा. खर्चही जास्त. सगळ्यांनाच ते लागत नाही. लागेल तेव्हा डॉक्टर सांगतात.

आता रगडण्याचे. रगडल्याने आतले रक्त वाढते. कधी कधी त्या जागी मांसात हाडासारखा कठीण गोळा धरतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस रगडू नका, शेकू नका. पोराला निजवा. पाय उशीवर ठेवा. गार पाण्याची घडी ठेवा.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मांडी दुखते आणि अंगात तापही आहे, तर ‘परवा पडला होता’ म्हणून स्वस्थ बसू नका. आत पू धरलेला असू शकतो. पोर पाय टेकवत नसेल, मांडी दगडासारखी घट्ट झाली असेल, बोटे गार किंवा बधिर पडली असतील, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. गाडी नसेल तर 108 नंबर फिरवा.

हा नंबर आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.