गावाचे ऋण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्या दानधर्माचा गौरव होणे स्वाभाविक आहे. मला मात्र आपल्यावरील एका ऋणाचे स्मरण करावयाचे आहे.

१८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरणी कामगार कोकणात व घाटावर परतले. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ होता. १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला, त्या वर्षीही पावसाने दगा दिला. कणगी रिकामी असतानाही गावांनी परतलेल्यांना आपल्या भाकरीत वाटेकरी केले.

२०२० च्या टाळेबंदीत तेच घडले. नाशिककडे पायी निघालेले मजूर आपल्या मुलुंडवरून गेले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. काही गावांनी भीतीने वेशी बंद केल्या हे खरे. परंतु अनेक ठिकाणी परतलेल्यांना शाळेत विलग ठेवून घरचा डबा पोहोचविला गेला. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले. रोजगार हमीसाठी केंद्राने ४०,००० कोटी रुपये वाढवून दिले. तथापि तेल, औषध, बियाणे यांसाठी कित्येकांना उसनवार करावी लागली, घरातील किडूकमिडूक गहाण पडले. साथ ओसरली तरी असे कर्ज सहजासहजी ओसरत नाही.

त्याच उन्हाळ्यात शेतकरी भाजीपाला, द्राक्षे व हापूस घेऊन थेट उपनगरांतील सोसायट्यांच्या दारी आले. त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, आपल्याला ताजा माल मिळाला. त्या व्यवहारात कोणी दाता नव्हता, कोणी याचकही नव्हता. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेला जीवांचा परस्पर उपकार याहून वेगळा तो काय?

आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली. शिधावाटपाने आहारदान घडते व ते आवश्यकच आहे. परंतु सावकाराच्या धास्तीत जगणाऱ्या कुटुंबास त्या धास्तीतून सोडविणे, हे माझ्या मते अभयदानच होय.

म्हणून विश्वस्तांस माझी नम्र विनंती आहे. महोत्सवी निधीतील काही भाग बियाणे, औषधोपचार व शिक्षण यांसाठी बिनव्याजी कर्जाऊ रकमा देण्यास राखून ठेवावा. संस्थेस लागणारे धान्य दरवर्षी शेतकऱ्यांकडून योग्य भावाने थेट विकत घ्यावे. हे नाते सुकाळातच जोडावे लागते. साथ आल्यावर त्यास वेळ उरत नाही.

संकटात गावाने शहराचा भार वाहिला. त्या ऋणाची जाणीव ठेवून संस्थेने पुढील पन्नास वर्षांकडे वाटचाल करावी, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!