चांदीचा कस

'नाणें खणखणीत आहे' असें आपण माणसाविषयींहि म्हणतों. आज अशाच नाण्यांच्या कसाची गोष्ट सांगावयाची आहे. ती रोमपासून आपल्या मंचर-जुन्नरपर्यंत पसरलेली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमचें 'देनारियस' हें चांदीचें नाणें भडोचच्या बंदरांत उतरत असे. देशी नाण्यांशीं त्याचा बदल केल्यास नफा होई, असें 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. पुढें क्षत्रप नहपानानें आपल्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचें मस्तक छापलें, तें रोमन धाटणीचें. भोंवतीं अक्षरेंहि ग्रीक. मंचरच्या उत्तरेस जुन्नरला, मानमोडीच्या डोंगरांत, त्याचा अमात्य अयम याचा दानलेख आहे. मंडप व पाण्याचें टांकें दिल्याचा तो लेख 46 व्या वर्षाचा आहे. म्हणजे या मुलखावर नहपानाचा अंमल होता.

गौतमीपुत्र सातकर्णीनें तो अंमल मोडला. 1906 सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं 13,000 हून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे आहेत, एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. शत्रूचा चेहरा ठशाखालीं दबला, परंतु चांदी होती तेवढीच राहिली. ज्याच्या गांठीं तें नाणें होतें, त्याचें मोल बुडालें नाहीं.

रोममध्यें नेमकें उलट घडलें. इ. स. 64 मध्यें नीरोनें देनारियसचें वजन आणि कस दोन्ही घटविलीं. 215 मध्यें काराकाल्लानें दोन देनारियसांच्या किंमतीचें म्हणून नवें नाणें काढलें. त्यांत चांदी सुमारें दीड देनारियसाइतकीच होती. 235 पासून पन्नास वर्षें तर सैन्यानेंच बादशहा नेमावे आणि सैन्यानेंच मारावे, असा काळ आला. शिपायांचा पगार भागविण्यासाठीं टांकसाळींत तांबें वाढत गेलें. 270 च्या सुमारास त्या नाण्यांत चांदी शेंकडा पांचांहूनहि कमी उरली. वरचा मुलामा झिजला कीं आंतलें तांबें दिसे. बादशहाचा मुकुट मात्र प्रत्येक नाण्यावर ताजा! त्या मुकुटावर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातीं तांबें राहिलें.

आपल्या शिवारांत नांगराच्या फाळाला जुनें नाणें लागलें, तर तें सोनाराच्या मुशींत घालूं नये. 1878 च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें. मुशींतून चांदी तेवढीच निघेल. पण विजयी गौतमीपुत्रानेंहि जो चेहरा वितळविला नाहीं, तो आपल्या हातून नाहींसा होईल.